सायलोचं बाजूचं दार

सायलो दबल्याचा फोन आला तेव्हा मी नवऱ्याची नखं कापत होते. डाव्या हाताची झाली होती, उजव्याची दोन उरली होती. फोन आमच्या ऑफिसच्या सरांचा होता.

"कामठीच्या पुढची ती सोयाबीनची तेल गिरणी आठवते ना? त्यांच्या दोन नंबरच्या सायलोचा पत्रा आत गेलाय. कोणाला लागलं नाही. पण आत माल आहे. निघता येईल का तुम्हाला?"

"येते सर," मी म्हटलं. उरलेली दोन नखं कापली, मांडीवरचा टॉवेल गॅलरीत झटकला आणि सासूबाईंना सांगून निघाले.

त्या सायलोचं डिझाइन माझं होतं. आपण गणित करून उभी केलेली वस्तू मोडली हे ऐकून माणसाच्या पोटात खड्डा पडतो, असं मी सिनियर लोकांकडून ऐकलं होतं. नंदनवनहून सीताबर्डीच्या ऑफिसात जाताना ऑटोत मी त्या खड्ड्याची वाट पाहिली. तो पडला नाही. दुपारची गोळी सासूबाईंना नीट दाखवून ठेवली की नाही, एवढंच डोक्यात होतं.

नवऱ्याला लकव्याचा झटका येऊन तेव्हा सात महिने झाले होते. तो आयटीआयमध्ये टर्नरच्या मुलांना शिकवायचा. लेथवर उभा राहिला की मोठमोठ्याने बोलायची सवय लागलेली, तसाच घरीही बोलायचा. झटक्यात उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बोलण्यातला एकच शब्द शिल्लक राहिला: बरं. पाणी हवंय का? बरं. दुखतंय का? बरं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, एखादा शब्द मागे राहतो, त्याचा अर्थ लावत बसू नका. मी लावत नव्हते. पहिल्या महिन्यात मी रडले, हे सासूबाई सांगतात म्हणून मला माहीत आहे. नंतर थांबले. सकाळी व्यायाम, आंघोळ, नाश्ता, ऑफिस, संध्याकाळी पुन्हा व्यायाम. या क्रमात काही जाणवायला जागा नव्हती, आणि मला त्याची उणीवही भासत नव्हती.

सरांच्या गाडीने गिरणीत पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. सायलो म्हणजे पत्र्याची उंच गोल कोठी. असे चार एका रांगेत उभे होते, पाच-सहा मजली इमारतीएवढे. दोन नंबरच्या सायलोला रस्त्याच्या बाजूने, साधारण निम्म्या उंचीवर, मोठा खळगा पडला होता. तेलाच्या रिकाम्या डब्यावर अंगठा दाबल्यावर पडतो तसा, पण आडवा, माणूस झोपेल एवढा. खळग्याच्या दोन्ही टोकांना पत्र्याला धारदार घड्या पडल्या होत्या. बोल्ट एका ओळीत तिरके झाले होते.

मॅनेजर आमची वाटच पाहत होते. उंच, घाईत बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "सर, मॅडम, सरळ केस आहे. ऑपरेटरची गलती. छतावरच्या हवेच्या जाळ्या साफ करायचं काम त्याचं. त्याने केल्या नाहीत, जाळ्या चोक झाल्या. खालून माल निघाला, वरून हवा गेली नाही, व्हॅक्यूम झाला, पत्रा आत ओढला गेला. त्याला आम्ही घरी बसवलंय."

असं खरंच होऊ शकतं. पण हवेच्या ओढीने पत्रा जातो तेव्हा तो सहसा वर जातो, जिथे तो सर्वांत पातळ असतो, आणि छपरालाही काहीतरी होतं. इथे छप्पर ताठ होतं. मी खळग्यापासून सरळ खाली नजर आणली. बरोबर त्याच्या खाली, भिंतीत एक चौकोनी दार कापलेलं होतं आणि त्याला पत्र्याची घसरगुंडी लावलेली होती. ट्रक तिच्याखाली उभा करायचा, दार उघडायचं, माल थेट ट्रकमध्ये. बाकीच्या तिघांनाही तसंच दार होतं.

"हे कधी बसवलं?" मी विचारलं. "माझ्या ड्रॉइंगमध्ये नाही. त्यात फक्त तळाच्या मधोमध दार आहे."

मॅनेजरांनी खिशातून मोबाइल काढला. "मॅडम, तुम्हालाच विचारलं होतं ना."

त्यांच्या व्हॉट्सॲपवर एका कागदाचा फोटो होता. पेनने काढलेला सायलो, बाजूला चौकोन, बाण, आणि खाली प्रश्न: लोडिंगसाठी बाजूला एक दार काढतोय, चालेल ना? त्याखाली माझं उत्तर होतं. ओके.

सर माझ्या खांद्यावरून वाचत होते. मी तारीख पाहिली. नवरा आयसीयूत असतानाचा तिसरा दिवस. परतीच्या गाडीत मी माझ्या फोनमध्ये ते उत्तर शोधलं. त्याच्या आधीच्या मिनिटाला मी दिराला लिहिलं होतं, स्कॅनची फाइल घरून आण. नंतरच्या मिनिटाला औषधाच्या दुकानाला. मध्ये हे. मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं, अजूनही आठवत नाही. मी तो फोटो मोठा करून तरी पाहिला होता का, हेही सांगता येत नाही.

पण ते नंतर; गिरणीत मी मॅनेजरांचा मोबाइल परत दिला. सर म्हणाले, "आत्ता त्याचा विचार करू नका. आधी माल बाहेर काढायचा."

त्यांचं बरोबर होतं. दबलेला सायलो भरलेला असतो तेव्हा आतला मालच त्याला धरून ठेवतो. चुकीच्या ठिकाणून माल काढला तर उरलेलाही बसतो. खालचं कुठलंच दार उघडायचं नाही, वरून नळी सोडून सोयाबीन शोषून घ्यायचं, थोडं थोडं, मधोमध, सगळीकडे पातळी सारखी ठेवत, असा क्रम मी लिहून दिला. भोवती दोर बांधून माणसं लांब ठेवायची. आणि मी एक अट घातली: तो ऑपरेटर मला तिथे हवा.

मॅनेजरांना ते आवडलं नाही. पण बाकी कोणालाही तो सायलो रोज कसा वागतो हे ठाऊक नव्हतं, म्हणून बोलावलं.

तो कामठीचा, साठीकडे झुकलेला माणूस. किडकिडीत, कानात पांढरे केस. आयुष्यभर पॉवरलूम चालवली. लूम बंद पडल्यावर इथे आला. दोराच्या बाहेर आम्ही दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून चार दिवस बसलो. मी दर अर्ध्या तासाला दुर्बिणीतून पत्र्यावर केलेल्या खुणा मोजायचे, त्या सरकल्या का बघायचे. तो ऐकायचा. पहिल्या दिवशी दुपारी मी विचारलं, त्या दिवशी काय झालं ते सांगा.

"त्या दिवशीचं काय, मॅडम. तो तं केव्हाचा घुमून राहिला होता," तो म्हणाला. "बाजूचं दार खोललं का घुमे. मधलं खोललं तं चूप. म्या सांगतलं होतं जी सायबाले. ते म्हणे, लोखंड हाय, आवाज तं करनच."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करन? म्या आपला पहिले मधलं दार खोलो, थोडा माल जाऊ देऊ, मग बाजूचं. तं कमी घुमे. पण ट्रकची लाइन लागली का मंग कोण ऐकते. त्या दिवशी सकाळपासून बाजूचंच चालू होतं. अन् मंग आवाज बदलला."

"बदलला म्हणजे?"

"लूमवर धागा तुटाच्या आंधी आवाज बदलते नं, तसा. बारीक झाला. दोघी बाया खाली सांडलेला माल झाडून राहिल्या होत्या. म्या बोंबललो, पया वं, पया! त्याइले वाटलं हा बुढा सरकला. एकीले तं हाताले धरून ओढली. ड्रायव्हरले सांगतलं, गाडी काढ. मंग परत जाऊन दार बंद केलं. बंद करून वळलो अन् मागून धडाम झालं."

त्याने दार बंद केलं म्हणून सायलो नुसता दबला. चालू राहिलं असतं तर तो आडवा झाला असता, त्या दोघींवर. मला हे लगेच कळलं, अंदाज बांधावा लागला नाही. मी वहीत लिहिलं: ऑपरेटरने दार बंद केले.

"दार काढायले कोणी सांगतलं होतं, मॅडम?" त्याने विचारलं. "तुमच्या हापिसातून मंजुरी हाय म्हणे."

"मी दिली होती," मी म्हटलं. "न बघता."

तो माझ्याकडे वळला. "काहून?"

मी सांगितलं. नवरा दवाखान्यात होता, तिसरा दिवस होता. माझं सांगणं मलाच दुसऱ्या कोणाच्या हकिकतीसारखं ऐकू येत होतं. तो म्हणाला, "अन् आता कसे हाये ते?"

"आहेत. बोलत नाहीत."

"हं." तो पुन्हा सायलोकडे बघू लागला. मग म्हणाला, "लूम बंद झाली तवा मले बी काहीच नाही वाटलं. लोक रडले. म्या घरी गेलो अन् जेवलो. बायको म्हणे, तुमाले काही होते का नाही? म्या म्हटलं, मले भूक लागली."

चौथ्या दिवशी सायलो रिकामा झाला. खुणा एका बोटाच्या पेरापेक्षा जास्त सरकल्या नाहीत. मग क्रेनच्या पाळण्यात उभी राहून मी छतावर गेले आणि हवेच्या जाळ्या बघितल्या. सहाच्या सहा स्वच्छ होत्या. कडेला धूळ होती पण जाळीच्या भोकांत नव्हती. एका जाळीच्या कडीला सुताचा मळका झुबका अडकून राहिला होता, लूमवर पुसायला वापरतात तसला. मी सगळ्यांचे फोटो काढले.

पुढचे तीन दिवस मी ऑफिसात गणित केलं. यात समजायला अवघड काही नाही. पाण्याच्या टाकीत जितकं खाली जावं तितका दाब वाढत जातो. धान्याचं तसं नसतं. दाणे भिंतीला घासतात आणि आपलं बरंचसं वजन भिंतीच्या अंगावर टाकतात. त्यामुळे आतून बाहेर रेटणारा दाब एका खोलीनंतर फारसा वाढत नाही, पण पातळ पत्र्याला वरून खाली दाबणारं ओझं मात्र साठत जातं. पत्रा गोल आहे, आतून रेटा सगळीकडे सारखा आहे, तोवर तो हे ओझं पेलतो. माल मधल्या तोंडातून निघाला तर हा सारखेपणा टिकतो. बाजूने काढला की भिंतीलगत दाण्यांचा एक ओढा वाहू लागतो. ओढ्यापाशी रेटा सुटतो, त्याच्या काठांवर वाढतो. गोल भिंत तिथे जराशी सपाट होते, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात वरचं ओझंही वाढतं. सपाट झालेल्या पातळ पत्र्यावर असं ओझं आलं की तो वाकतो.

मी आधी दाराशिवाय गणित केलं. पत्रा व्यवस्थित होता, हातचं भरपूर राखून. मग दार धरून केलं. भिंत निम्म्या उंचीवर हरली, प्रत्यक्षात हरली होती त्याच जागी, जवळपास तेवढ्याच रुंदीत. पडद्यावर तो पट्टा लाल झाला. मी पुन्हा केलं, दाण्यांचं घर्षण कमी धरून, जास्त धरून. लाल पट्टा थोडा वरखाली झाला, गेला नाही. इतक्या महिन्यांत एवढं लक्ष लागलेलं मला आठवत नव्हतं. आकडे डोक्यात शिरत होते आणि तिथे राहत होते, बाकी काही राहत नव्हतं.

त्या संध्याकाळी नवऱ्याच्या बोटांचा व्यायाम घेताना मी त्याला सगळं सांगितलं. दार, फोटो, ओके. त्या दोघी बायका. तो माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "माझी चूक आहे."

"बरं," तो म्हणाला.

मी त्याचा अंगठा उघडला, मिटला, उघडला. वीस वेळा करायचा असतो.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सरांबद्दल सांगायला हवं. नवऱ्याच्या आजारपणात त्यांनी मला दोन महिने ऑफिसला बोलावलं नाही, एकदाही विचारलं नाही की कधी येता. त्यांच्या घरून डबा यायचा. त्यामुळे ते जे म्हणाले ते त्यांनी माझ्यासाठीच म्हटलं हे मला ठाऊक होतं.

"रिपोर्टमध्ये जाळ्यांचं लिहा," ते म्हणाले. "मेंटेनन्सची शक्यता नाकारता येत नाही, एवढंच. त्यांनाही ते चालणार आहे. विषय संपेल."

"जाळ्या साफ होत्या सर. फोटो आहेत."

"मग दाराचं लिहा. पण दार त्यांनी परस्पर काढलं. तुमचं ते ओके म्हणजे काही मंजुरी नाही. ड्रॉइंग नाही, सही नाही, शिक्का नाही."

"त्यांना ती मंजुरीच वाटली सर."

सर चष्मा काढून पुसत राहिले. "तुमच्या घरी आधीच एवढं आहे. आणखी कशाला ओढवून घेता?"

मी धीट नव्हते. त्या दिवसांत मला कशाचीच भीती वाटत नव्हती, आणि ते धीटपणापेक्षा वेगळं असतं. मी फक्त म्हटलं, "तो माणूस घरी बसलाय सर."

रिपोर्ट मी लिहिला. सायलो दबण्याचं कारण बाजूच्या दारातून माल काढणे. हवेच्या जाळ्या स्वच्छ आढळल्या. ऑपरेटरने आवाजातला बदल ओळखून माणसं हटवली व दार बंद केलं, त्यामुळे जीवितहानी टळली. दाराच्या बदलास मूळ डिझाइन करणाऱ्या अभियंत्याने, म्हणजे मी, कोणतीही तपासणी न करता लेखी होकार दिला होता. सरांनी शेवटच्या वाक्यावर पेन्सिलने रेघ मारून कागद परत पाठवला. मी ते तसंच ठेवून प्रिंट काढली. संध्याकाळी बघितलं तर त्यावर त्यांची सही होती.

गिरणीच्या मालकांसमोर बैठक झाली. मालक वयस्कर होते. त्यांनी पूर्ण रिपोर्ट वाचला, शेवटचं पान दोनदा वाचलं. मॅनेजर खिडकीबाहेर बघत होते.

"म्हणजे आमच्या माणसाची यात काहीच चूक नाही?" मालकांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "त्याने आधी सांगितलंही होतं."

"कोणाला?"

मी मॅनेजरांकडे पाहिलं; ते अजून खिडकीबाहेरच बघत होते.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. चारही सायलोंची बाजूची दारं पत्रा लावून कायमची बंद झाली. गिरणीचं पुढचं काम आमच्याकडून गेलं. सरांनी मला काढलं नाही, पण सायलोचं काम माझ्याकडे येणं थांबलं. आता मी शेडची आणि पाण्याच्या टाक्यांची ड्रॉइंग तपासते. सर पूर्वीसारखेच बोलतात, फक्त जरा कमी. ऑपरेटरला मालकांनी परत बोलावलं. तो पंधरा दिवस कामावर गेला आणि मग त्याने ते सोडून दिलं. हे मला त्यानेच फोन करून सांगितलं.

"आता कायले सोडलं?" मी विचारलं. त्याच्याशी बोलताना आता माझी भाषा माहेरची होते.

"तिथं गेलो का कान लागे, मॅडम. दिवसभर ऐकतच राहो. डोकं दुखे." मग म्हणाला, "तुमी लिहिलं ते पोरीनं मले वाचून दाखवलं. बरं झालं लिहिलं."

आता तो जावयाच्या किराणा दुकानात बसतो.

गिरणीचं काम दुसऱ्या कन्सल्टंटकडे गेलं होतं. गेल्या महिन्यात, रविवारी सकाळी, त्यांचा फोन आला. दोन नंबरचा सायलो नवे पत्रे घालून पुन्हा उभा राहणार होता. त्यांना माझं जुनं गणित हवं होतं, आणि एक शंका होती. त्यांचं म्हणणं, मधल्या तोंडातून काढलं तरी माल थोडा तिरका वाहतोच, मग तेवढ्यासाठी वेगळा विचार कशाला?

मी स्वयंपाकघरात होते. गॅस बंद केला. त्यांना सांगायला लागले की तिरकं वाहणं गृहीतच धरायचं असतं, कमीत कमी किती धरायचं, का धरायचं, घर्षणाचा एकच आकडा घेऊन का भागत नाही, दाणे ओले आले तर काय होतं. ते मध्येच म्हणाले, पण कोडच्या नियमांत तर. मी म्हटलं, कोड नंतर, आधी भिंतीजवळचा दाणा कुठे जातो ते सांगा. त्यांनी चुकीचं सांगितलं. मी ओट्यावर पडलेल्या तुरीच्या डाळीत बोटाने रेघा काढत पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "कोनाशी भांडून राहिली वं एवढ्या मोठ्यानं?"

"भांडून नाही राहिली," मी फोनवर हात ठेवून म्हटलं. "समजावून राहिली."

त्या आत जाऊन चाकाच्या खुर्चीत बसलेल्या नवऱ्याला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत घेऊन आल्या आणि त्याला ऐकू येईल अशी खुर्ची तिथे लावून दिली. मी पुढचा अर्धा तास बोलत होते.